बुरुजाला सिमेंट नको

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बुरुजाच्या भेगेत भरलेल्या चुन्यावर भिजवलेली गोणपाटं बांधणं. आखातातल्या रास अल खैमातला हा जुना किल्ला, दगड समुद्रातला. मी तिथं गवंडी. बायको मुलाच्या फ्लॅटवरून माझा डबा घेऊन यायची, आणि नुसतं बसवत नाही म्हणून बादली उचलायची.

"किल्ला अरबाचा, पगार कंपनीचा, आणि घोर तुम्हाला," ती म्हणाली.

"अगो, पडला तर माझ्या डोक्यावर पडेल."

"पडू दे. डोकं काय कमी टणक आहे तुमचं?"

घोर मला खराच होता. कामावरची फ्रेंच मॅडम जुन्या इमारतींची जाणकार. तिच्या गावी शेतांच्या मधोमध एका सरदाराची गढी आहे. मागे कुणीतरी तिच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या. सिमेंट भिंतीला श्वास घेऊ देत नाही, ओल आत कोंडते. गढी बाहेरून ठणठणीत दिसायची आणि एक दिवस अर्धी बाजू बसली. आत दगडाचं पीठ झालेलं. मॅडमनं मला मोबाईलवर फोटो दाखवला. तेव्हापासून भिंत दिसली की बोटानं ठोकून बघतो. बद्द आवाज आला की तिथंच कान लावतो.

मॅडम तेव्हा सुट्टीवर होती. त्या दुपारी ही डबा घेऊन परत गेली आणि फोरमन आला. बुरुजाखाली सिमेंटच्या गोण्या उतरवल्या. "चाचा, बडे लोग आ रहे हैं. चुना निकालो, सिमेंट भरो, खलास."

मी म्हटलं, चुन्याला वेळ द्यावा लागतो.

"तो कल दूसरा मिस्त्री लगाएगा."

माझ्या वयात व्हिसा म्हणजे कंपनीची मर्जी. मी थापी धुवायला घेतली.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. थापता थापता ओट्याला टेकली आणि खाली बसली. "काही नाही हो, घेरी आली," म्हणाली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत गेली. डॉक्टर हिंदीत म्हणाला, हृदय बरेच दिवस कमजोर असणार, वरून कळत नाही. दुपारी तिनं बादल्या उचलल्या होत्या.

मुलगा तिला गावी न्यायच्या कागदांमागे लागला. नात मला विचारत होती, "आजोबा, व्हॉट आर यू थिंकिंग?" काय सांगू? मी विमानात बसलो की इथं भेग बुजणार, वरून गुळगुळीत. आत काय चाललंय ते कुणाला दिसणार नाही. हिचंही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टॅक्सी केली. सुतकात कामावर जाऊ नये, हे मला कुणी शिकवायला नको. वॉचमननं ओळखीनं आत सोडलं. मी थापीनं एकेक गोणी फाडली आणि आत पाण्याचा पाइप खुपसला. व्हिसा जाईल, पोलीस येतील, हिला एकटीलाच गावी पाठवावं लागेल, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. तरी शेवटच्या गोणीपर्यंत पाणी सोडलं. मग फोरमनला मीच फोन लावला. गोण्या मी भिजवल्या म्हटलं, मॅडम येईपर्यंत बुरुजाला हात लावू नका. तो ओरडायला लागला. त्याला थांबवून मी सांगितलं, माझी बायको काल गेली.