पुढच्या रविवारची फायनल

आमच्या भागातल्या कॉलेजच्या क्रीडा समितीच्या सचिवाने हमीदभाईंना फसवलं. गोष्ट जुनी झाली म्हणून ती मिटत नाही.

हमीदभाई मूळचे मावळातले. कासारवाडी स्टेशनाबाहेर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी तेव्हा हातगाडीवर भंगार गोळा करायचो. फाटक्या ट्यूब घ्यायला गेलो आणि पहिल्याच दिवशी भावावरून आमची जुंपली. मी आवाज चढवला, तर ते म्हणाले, "भावा, छातीत एवढा दम हाय, तर रविवारी ग्राउंडवर ये. हितं कशाला वाया घालवतो?" गेलो, आणि कायमचा अडकलो.

कॉलेजची पायरी ते कधी चढले नव्हते, पण तिथली फुटबॉल टीम 'आमची'. सामन्याच्या दिवशी दुकानाला कुलूप. सकाळीच जाऊन मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेषा मारायचे. कुणी सांगितलेलं नसे. खेळ सुरू झाला की समोरच्या संघाच्या गोलामागे उभे राहायचे आणि गोलकीपरचा जीव खायचे. "ए बाळा, बॉल येतोय, घाबरू नगंस, जाऊ दे आत! उन्हात कशाला हुबा ऱ्हातोस, राव?" सामना संपला की त्याच पोराला चहाभजी खायला न्यायचे. "बोलणी लई खाल्लीस, आता कायतरी चांगलं खा." पुण्याचे गोलकीपर त्यांना टरकून असत आणि लांबून दिसले तरी हात करत.

त्या वर्षी आमची टीम पहिल्यांदा फायनलला पोचली. निम्मी पोरं शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा झाली की कुणी कंपनीत लागणार, कुणी गावी जाणार. ही टीम पुन्हा उभी राहायची नव्हती. आणि नेमकी कॉलऱ्याची साथ आली, गर्दीला बंदी झाली, सामना पुढे गेला.

हमीदभाई भडकले. "बाजार चालू, शिफ्टा चालू, गाड्या खच्चून भरून चालू. आमचा बॉलच तेवढा आजारी?" पण लस टोचणारे आले तेव्हा बाही वर करून सगळ्यांत आधी हेच पुढे. मग गल्लीतल्या दुकानदारांना दटावून बाहेर काढलं. "टोचून घ्या रं! तुमच्यापायी मॅच ऱ्हायलीय!"

त्यांनी तोडही काढली. फायनलला समोर असलेल्या पुण्याच्या संघाच्या कॅप्टनला जाऊन भेटले आणि तो तयार झाला. नदीकाठच्या माळावर खेळायचं. दोन टीम, एक पंच, प्रेक्षक नाहीत.

"मग तुम्ही बघणार कुठून?" मी विचारलं.

"म्या घरी बसंन. मॅच व्हायला पायजे. बघितली न्हाई तरी चालंल."

एवढं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

हमीदभाईंनी सचिवांच्या कानावर हे घातलं. ते म्हणाले, "माळावर कशाला? पुढच्या रविवारी आपल्याच मैदानावर घेऊ. तुम्ही मैदान तेवढं तयार ठेवा." झालं. हमीदभाईंनी माळाचा नाद सोडला. मैदानातले खड्डे मुरूम टाकून बुजवले, पाणी मारलं, रोलर ओढला. मलाही जुंपलं. रविवार आला की सचिव म्हणत, "पुढचा." असे किती रविवार गेले. परीक्षा झाल्या. पोरं पांगली.

एका सकाळी मैदानावर मांडवाचे खांब दिसले. सचिवांच्या मुलीचं लग्न. मांडववाला मला म्हणाला, "सायबांनी कधीचं सांगून ठेवलंय. म्हणाले, तोवर मैदान सपाट करून घेतो."

माझं डोकं फिरलं. सचिव तिथेच होते. मी ओरडलो, "बावीस पोरांत साथ पसरते आणि हजार पानांच्या पंगतीत पसरत नाही होय?"

"लग्नाची गोष्ट वेगळी असते हो."

"वेगळी कशी? कॉलरा पत्रिका बघून आत येतो काय?"

मी हात उगारणारच होतो, तोच हमीदभाईंनी दंड धरून मला मागे ओढलं. "गप. लग्नघर हाय. पोरीनं काय केलंय?" मग सचिवांकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "सायेब, मॅच व्हनार न्हाई, हे तुमाला ठावं व्हतं का?"

सचिव म्हणाले, "जेवून जा."

हमीदभाई निघाले. पुढच्या हंगामात नवी टीम आली, तेव्हा मला वाटलं आता हे फिरकणार नाहीत. पण पहिल्याच सामन्याला गोलामागे हजर! मी चिडलो, तर म्हणाले, "ह्या पोरांनी आपलं काय घोडं मारलंय?"

तीन वर्षांनी ते गेले. त्या फायनलच्या टीममधली पोरं दफनाला आली, काहीजण शिफ्ट बुडवून, कंपनीच्या कपड्यांतच. सचिव आले नाहीत. आता ते चिंचवडला बंगल्यात असतात, सत्काराला जातात, खिलाडू वृत्तीवर भाषणं करतात.

धंद्यात मी भल्याभल्यांना भाव उतरवायला लावला आहे, स्वतःही उतरवला आहे. इथे उतरवणार नाही. साहेब, त्या माणसाने तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता. तो आता नाही, मी आहे. तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? जेवणाचं राहू द्या. उत्तर द्या.