राणीची पट्टी

आमच्या नांदेडच्या हौशी नाट्यमंडळाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी त्यात फुलांचे फोटो येतात, दुपारी कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन येतं. मी सहसा काही लिहीत नाही. पेटीवाल्यानं वाजवावं, बोलू नये, असं आपलं माझं मत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गेल्या दिवाळीनंतर मंडळाच्या नव्या दिग्दर्शिकेनं एक खेळ काढला आणि माझी मूठ माझ्याच अंगठ्यानं उघडली.

ही दिग्दर्शिका म्हणजे कॉलेजात मराठी शिकवणारी एक तरतरीत बाई. मंडळानं फार वर्षांपूर्वी केलेलं एक संगीत नाटक तिला पुन्हा उभं करायचंय. तिनं ग्रुपवर विचारलं, सांगा, राणी कुणाला द्याल? कुणीही चालेल, हयात असो की गेलेली, मुंबईची असो की पुण्याची. स्वप्नातच द्यायची तर कंजूषी कशाला?

राणी म्हणजे त्या नाटकाचा जीव. दुसऱ्या अंकात ती एकटी उभी राहून एक पद म्हणते. ते पद चढत चढत वरच्या पंचमाला जातं आणि तिथं थांबतं. नुसतं पोचून भागत नाही, थांबायला लागतं. नाटक चांगलं झालं की पडलं, ते त्या एका जागेवर ठरतं. बाकी राजा, प्रधान, विदूषक सगळे भाताबरोबरचं लोणचं.

मग काय, ग्रुपवर नुसता पाऊस. कुणी कधीच्या काळी गेलेल्या गायिका उठवल्या, कुणी सिनेमातल्या नट्या आणल्या. आमच्या तबलजीनं तर बेधडक स्वतःच्या सुनेचं नाव टाकलं. मी खुर्चीत बसून हसून राहिलो होतो. आणि हसता हसता, काय झालं देव जाणे, मी एक नाव टाइप करून पाठवून दिलं. नाव गेल्यावर मला कळलं की मी काय केलं.

लगेच विचारणा सुरू झाली, ही कोण, कुठली, कधी ऐकली नाही. पाच मिनिटांत धाकट्या बहिणीचा फोन आला. ती इथंच नांदेडात राहते. त्या काळी राणी तिनंच केली होती. नथ, शालू, कपाळावर आडवं कुंकू, असा तिचा फोटो आजही तिच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर आहे. ती रागावली नव्हती, रडवेली झाली होती. म्हणाली, दादा, सगळ्या जगात तुला मीच दिसले नाही का रे? मी म्हणालो, अगं खेळ आहे तो. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

आता सांगतोच. तीस-बत्तीस वर्षं झाली त्याला. राणीची निवड एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मंडळातली तीन वडीलधारी माणसं खुर्च्यांवर, मी सतरंजीवर पेटी घेऊन. तबला नव्हता, निवड नुसत्या पेटीवर व्हायची. रीत अशी, की मुलीनं यायचं, आपली पट्टी, म्हणजे कुठला सूर सा धरून गाणार ते, मोठ्यानं सांगायची, मी त्या पट्टीचा सा दाबून धरायचा आणि तिनं पद म्हणायचं. एकदाच. पुन्हा म्हणू का, असं विचारायची सोय नव्हती. वन्स मोअर मागायचा तो प्रेक्षकांनी, गाणाऱ्यानं नाही, हा आमच्या मंडळाचा कायदा. मोठा अभिमान होता आम्हाला त्याचा.

शेवटी दोघी उरल्या. एक माझी बहीण आणि दुसरी कंधारहून आलेली एक मुलगी. बहिणीचं लग्न ठरलं होतं. सासरी गाणं चालणार नाही, हे आधीच कळलेलं. लग्नाआधी एवढं एक नाटक करू द्या, म्हणून तिनं वडिलांचे पाय धरले होते. तिनं पद म्हटलं, नीट म्हटलं, पण वर जाताना भरलेली घागर जिन्यावरून नेल्यासारखं जपून जपून. पद संपवून ती बाहेर आली, तर व्हरांड्यात ती कंधारची मुलगी खांबाला टेकून खालच्या सुरात गुणगुणत होती. दीड ओळ असेल. गाणं जाणणाऱ्याला दीड ओळ पुष्कळ होते. मी दारातून ऐकलं, बहिणीनंही ऐकलं. बहिणीचं तोंड एवढंसं झालं. ती मला काही बोलली नाही, तिनं काही मागितलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

माझी पेटी स्केल चेंजरची होती. नांदेडात तेव्हा तशा दोन-तीनच असतील. डाव्या बाजूला एक लाकडी मूठ असते, ती सरकवली की अख्ख्या पट्ट्या बाजूला सरकतात. बोट दिसतं त्याच जागी, सूर निघतो दुसराच. बाकीचे पाणी प्यायला उठले होते. मी मूठ दोन घरं वर सरकवली, म्हणजे सगळे सूर तेवढे चढे. इतकंच. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

ती मुलगी आत आली. सकाळच्या एसटीनं आलेली, घसा कोरडा, वडील दाराशी उभे. पट्टी सांगितली, काळी चार. मी चौथ्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. तिनं सा लावला आणि जरा थबकली. तिच्या कपाळावर आठी आली. मग तिनं मला विचारलं, "काळी चारच ना?"

मी बोट उचलून, पुन्हा तिथंच ठेवून दाखवलं. "हे काय, काळी चार."

तिनं माझ्या बोटाकडं बघितलं आणि मान हलवली. तिनं डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि कानाला खोटं पाडलं. ती गायला लागली. सुरुवात अशी केली की खुर्चीवरचे म्हातारे पुढं सरकून बसले. मग पद चढलं, आणि पंचमावर तिचा आवाज फुटला. मधोमध तडकला आणि थांबला.  ती म्हणाली, माफ करा, आणि चप्पल घालून वडिलांबरोबर निघून गेली. राणी माझ्या बहिणीला मिळाली.

नाटकाचे चार प्रयोग झाले. बहिणीला पंचम झेपेना, म्हणून आम्ही ती जागा एक सूर खाली घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण प्रत्येक प्रयोगात ती जागा आली, की बहिणीच्या आवाजामागून मला दुसरा आवाज ऐकू यायचा. वर जायचा, जायचा, आणि तडकायचा. पहिल्यांदा वाटलं, हॉलचा घुमारा असेल. पण नाटक संपलं, बहीण सासरी गेली, तरी तो आवाज गेला नाही. पेटी उघडली की यायचा. कुणी नवी मुलगी शिकायला आली आणि पट्टी विचारली, की माझ्या कानात आधी ते वाक्य यायचं, काळी चारच ना? मी सुताराकडून मुठीवर स्क्रू मारून घेतला, पुन्हा सरकू नये म्हणून. बायकोनं विचारलं, एवढी महाग पेटी घेतली आणि तीच सोय बंद का केली? मी म्हणालो, ढिली झाली होती. खोटं एकदा बोललं की त्याला पिल्लं होतात.

तर ग्रुपवर मी टाकलेल्या त्या कंधारच्या मुलीच्या नावाला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. लातूरच्या एका सभासदानं लिहिलं, ही तर माझी मावशी. इथंच लातुरात असते. पण सर, तुमची काहीतरी गल्लत झाली असेल. मावशी गात नाही. आरतीसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणते.

ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. दिग्दर्शिकेला मात्र हुरूप आला. जाऊन भेटा त्यांना, म्हणाली, बोलवा तालमीला. मी हाव म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन लातूरच्या एसटीत बसलो. पेटी कशाला घेतली, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. कंडक्टर म्हणाला, काका, टपावर टाका. मी मांडीवर धरली ती लातूरपर्यंत.

तिचं घर साधं, दारात तुळस, आत शिलाई मशीन. नवरा शिक्षक, शाळेत गेलेला. भाच्यानं फोन केलेला होता, म्हणून तिनं चहा टाकून ठेवला होता. केस पांढरे झालेले. मला तिनं ओळखलं ते पेटीमुळं. हसून म्हणाली, दादा, त्या दिवशी तुमच्यापुढं लई फजिती झाली बघा माझी. मग स्वतःच सांगत बसली. कंधारला परत गेल्यावर वडील महिनाभर बोलले नाहीत. तिनं पेटी उचलून माळ्यावर टाकली. पुढं पोरगी झाली, तिचा गळा बरा होता, गाणं लावा म्हणून मागं लागली. हिनं लावलं नाही. आपल्या घरात वरचा सूरच न्हाई, उगं कशाला पोरीची फजिती, असं म्हणून तिला टायपिंगला घातलं.

 मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मूठ, दोन घरं, बोट. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पळून आलो असतो. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. मग तिनं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर खाली बसली.

"लावा."

मी सा दाबला. तिनं माझ्या बोटाकडं बघितलं नाही, डोळे मिटले. "काळी चारच ना?"

"हाव. आज खरंच काळी चार."

बत्तीस वर्षांनी तिनं ते पद तोंडात घेतलं. शब्द एकही विसरली नव्हती. आवाज गंजलेला, श्वास पुरेना, तरी चाल पक्की. मी देवाला म्हणत होतो, एकदा जाऊ दे तिला वर, माझं काय करायचं ते कर. ती पंचमापाशी आली आणि आवाज फुटला. तिथंच. तसाच. जो मी इतकी वर्षं ऐकत होतो, तोच.

तिनं डोळे उघडले. म्हणाली, त्या दिवशी लावली होती ती लावा आता. मी म्हणालो, मुठीवर स्क्रू मारलाय. तिनं स्वयंपाकघरातून सुरी आणून दिली, मी सुरीच्या टोकानं स्क्रू काढला आणि मूठ दोन घरं वर केली. ती पुन्हा गायली. पुन्हा तिथंच फुटला. ती जरा वेळ कान देऊन बसली, दोन्ही फुटणं मनात शेजारी शेजारी ठेवून बघितल्यासारखी.

"दोन्हीकडं सारखंच झालं, दादा," ती म्हणाली. "आता मला कसं कळायचं, तवा जमलं असतं का न्हाई?"

मी म्हणालो, जमलं असतं, ताई. शप्पथ घेतो. ती म्हणाली, तुमची शप्पथ घेऊन मी काय करू? आणि ते खरंच होतं. माझ्याकडं सांगायला व्हरांड्यातली दीड ओळ होती, तीही खालच्या सुरातली. तिचा पंचम मी कधी ऐकलाच नव्हता. मीच तो कुणाला ऐकू दिला नव्हता.

तिनं विचारलं, खुर्चीवरचे ते तिघं आहेत का? मी म्हणालो, कुणी राहिलं नाही.  तिनं उठून कप उचलले. दाराशी सोडायला आली, पेटीची पेटारी स्वतः उचलून माझ्या हातात दिली.

"राणी तुमच्या बहिणीला दिली, त्याचं काही न्हाई," ती म्हणाली. "पर मी गाणारी हाय का न्हाई, एवढं तरी मला कळू द्यायचं होतं."

मी पायऱ्या उतरलो. मागं दार लागलं. स्टँडवर पोचेपर्यंत ग्रुपवर दिग्दर्शिकेचा मेसेज येऊन पडला होता, भेटल्या का, येतात का, कशा गातात? खिशात तो स्क्रू होता. मी बाकावर बसून तिला उत्तर लिहिलं, की माहीत नाही, आणि ते माहीत नसण्याचं कारण मी आहे.