वायरीत अडकलेलं रजिस्टर

दिवा स्टेशनजवळ एका खोलीत आम्ही पाच जणं राहायचो. पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. आई चार घरची धुणीभांडी करायची, वडील कंपनीत रोजंदारीवर. माझ्या कॉलेज प्रवेशाला जातीचा पुरावा म्हणून आजोबांच्या शाळेतला उतारा लागला, तेव्हा वडील चार वेळा गावाला जाऊन आले. चौथ्या खेपेला पान सापडलं. घरातली पहिली पदवीधर मी आहे, आणि हे मी कुठेही सांगते.

पुढे कल्याणच्या एका जुन्या शाळेत क्लार्क म्हणून लागले. तिथली जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जात, जन्मगाव लिहिलेली, पुराच्या पाण्यात भिजून विटेसारखी झालेली. त्याआधी कुणीतरी शहाण्याने पान न् पान स्कॅन करून ठेवलेलं, म्हणून निभावलं. पण ते सगळं एकाच कॉम्प्युटरवर, आणि तो शेवटच्या घटका मोजत होता. नवा आला. मुख्याध्यापक बाईंनी ट्रान्सफर केबल माझ्या हातात दिली. दोन टोकं दोन मशीनना लावायची, सॉफ्टवेअर उघडायचं, की पडद्यावर डावीकडे जुना कॉम्प्युटर दिसतो, उजवीकडे नवा.

त्याच सकाळी शहाडच्या एक ताई आलेल्या. मुलीच्या जात पडताळणीसाठी, म्हणजे व्हॅलिडिटीसाठी, सासऱ्यांच्या नोंदीचा उतारा हवा होता, आणि कागद जमा करायची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी संपत होती. मी म्हटलं, बसा, एवढं झालं की लगेच देते.

सॉफ्टवेअरने विचारलं, कॉपी की मूव्ह? मी मूव्ह दाबलं. आमच्या खोलीत एक वस्तू दोन जागी ठेवायची सोयच नव्हती. ड्रममधलं हंड्यात ओतलं की ड्रम रिकामा. नीटनेटकं काम म्हणजे असंच, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

जुन्या मशीनचं पोर्ट सैल होतं. अर्ध्यावर केबल आपल्याच वजनाने निसटली.

डावीकडे पाहिलं, तर ताईंच्या सासऱ्यांच्या सालाचा फोल्डर रिकामा. उजवीकडे तो फोल्डरच नाही. माऊसला हात लावायची भीती वाटायला लागली, आणखी काही पुसलं गेलं तर?

शिपाईकाका फाइल ठेवायला आले. "काय गं, तोंड का उतरलंय? डबा विसरलीस?"

"काका, रजिस्टर गेलं."

"गेलं म्हणजे? वायरीत अडकलं काय?" ते हसले. माझ्याकडे बघून थांबले. "बाहेरच्या ताईंना आत्ता काही बोलू नकोस. मी चहा देतो त्यांना."

पण ताई दारातच उभ्या होत्या. "मिळालं का, मॅडम?"

उद्या या, हे शब्द अगदी ओठांवर आलेले. पण त्यांना उद्या नव्हता. माझ्या वडिलांनाही गावच्या शाळेत तीन वेळा तेच सांगितलेलं.

"चूक माझी आहे ताई. पान सापडत नाहीये. शोधतेय."

त्या काही ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. "पोरीने दोन वर्षं रात्रीचा दिवस केलाय," म्हणाल्या. "मी इथून उठत नाही." आणि परत बाकावर जाऊन बसल्या.

मी केबलच्या खोक्यातला माहितीचा कागद काढला. बारीक अक्षरांतलं इंग्रजी, एकेक ओळ तीन-तीनदा वाचली, कारण वाचलेलं काही डोक्यात शिरत नव्हतं. शेवटून दुसऱ्या ओळीत सापडलं: काम पुरं होईपर्यंत आलेल्या फाइली नव्या मशीनवर एका तात्पुरत्या फोल्डरात थांबतात. तो फोल्डर उघडला. पानं होती, नावं गेलेली, नुसते आकडे. एकेक उघडत गेले. काका मागे उभे राहून शाईवरून साल ओळखत होते. "हे नाही. हे त्याच्या नंतरचं. मागे जा." जेवणाची सुट्टी कधी होऊन गेली कळलं नाही. मग ते पान आलं. सासऱ्यांचं नाव, जात, जन्मगाव, सगळं स्वच्छ.

शाळा सुटायच्या आत सही-शिक्क्याचा उतारा ताईंच्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात सगळ्या रजिस्टरांची पानं मी जुळवून लावली, आणि दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर काढली. ताईंच्या मुलीला व्हॅलिडिटी मिळाली. ती आता इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.