म्हसोबाच्या दगडावरची दहावी ओळ

आज चतुर्थी. आवर्तनं झाली आहेत, चंद्रोदयाला अवकाश आहे. तेवढ्यात सावळाबाविषयी लिहून ठेवते. माझ्या रोजच्या वहीत त्याचं नाव पाच-सहा ठिकाणी आहे, पण सगळं तुटक. ‘जात्याला टाकी लावून घेतली’, ‘सावळाबाला भाकरी-पिठलं दिलं’, एवढंच. तेवढ्यावरून माणूस कळायचा नाही.

सावळाराम पाथरवट साठीच्या पुढचा. चऱ्होलीच्या अलीकडची आमची वाडी आणि आसपासची आठ-दहा गावं, सगळीकडे तो सावळाबाच. लहानपणी दगडाची कपची उडून डावा डोळा गेला. जात्याची पेड, म्हणजे दगडाची दळणारी बाजू, गुळगुळीत झाली की दाणा नुसता घरंगळतो, म्हणून वर्षातून दोनदा ती टाकीनं टोचून घ्यावी लागते. हे त्याचं काम. काम झालं की मूठभर जोंधळे स्वतः दळून पीठ चिमटीत चोळून बघायचा आणि मगच उठायचा.

एकदा मी म्हटलं, “सावळाबा, यंदा जातं फार कुरकुरतंय हो.”

“दात पडल्यावर कुनीबी कुरकुरनार, मास्तरीणबाई. आमची अंबु बघा की!”

अंबुबाई, त्याची बायको, दाराशी टोपली घेऊन बसली होती. ती कसली ऐकून घेते? “ह्यांना येकच डोळा व्हता म्हणून मी पदरात पडले बाई. दोन असते तर दुसरी नसती का बघितली?”

असा त्यांचा संसार.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे पंचावन्न साली, जे घडलं ते आता सांगते. त्याच्या आदल्या दिवाळीत आमच्या म्हसोबाच्या दगडावरचं शेंदराचं कवच आपोआप गळून पडलं. रीतीप्रमाणे ते इंद्रायणीत सोडलं. खाली पाहिलं तर दगडावर सूर्य, चंद्र आणि अक्षरांच्या नऊ ओळी. कुणालाच वाचता येईनात. आमचे हे शाळेत मास्तर. ह्यांनी पुण्याच्या एका अभ्यासू गृहस्थांना पत्र घातलं आणि ‘फाल्गुनात येतो’ असं उत्तर आलं.

ते ऐकून पाटलांच्या, बबनरावांच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं. चैत्रातल्या जत्रेत पहिला नारळ आमच्या वाडीचा की पलीकडच्या गावाचा, हे भांडण फार जुनं आहे. हे खेडला बैठकीला गेले होते, त्या दिवशी बबनराव सावळाबाला घेऊन अंगणात आले.

“वैनी, तुमचं अक्षर म्हंजे मोती. देवाची शेवटची वळ पार झिजलीय. आमचं आजोबा सांगायचं त्यात काय व्हतं ते. तुमी खडूनं लिवा, सावळा खोदील. पाव्हण्याला वाचाया बरं.”

“तिथं खरंच ओळ होती का हो?”

“म्हसोबाचा कौल घेतलाय. उजवं फूल पडलं.”

मी गेले. त्या जागी दगड कोरा दिसत होता, हे मला दिसलं होतं. पण देवानं कौल दिलाय म्हटल्यावर मी मनाला गप्प बसवलं आणि बबनरावांनी सांगितलं तसं लिहिलं, की पहिला नारळ ह्या वाडीच्या पाटलांचा. सावळाबा शेजारीच टाकी पाजळत उभा होता.

पुण्याचे पाहुणे आले. त्यांनी दगड धुतला, त्यावर ओला कागद बसवला आणि ब्रशनं ठोकून ठोकून तो अक्षरांत उतरवला. कागद सुकत आल्यावर वरून शाईची पुरचुंडी टेकवत गेले. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटली, तसे सगळे वाकून बघायला लागले. मी पाण्याची कळशी घेऊन बायकांत उभी होते.

पाहुण्यांनी खालच्या ओळी दोनदा पाहिल्या. मग कागद गुंडाळायला लागले.

“पाटील, खालची अक्षरं आजच्या शाळेतली आहेत. सातशे वर्षांपूर्वी असं कुणी लिहीत नव्हतं. त्यावरच्या दोन ओळीही ताज्या खोदल्यासारख्या दिसतात. मग बाकीचं जुनं, हे मी कशाच्या आधारावर म्हणू? बनावट म्हणून हा दगड सोडून द्यावा लागेल.”

“आमचा देव बनावट?” माझ्या मागून मंजुळाबाई ओरडली.

बबनराव म्हणाले, “पणज्याच्या काळापास्नं हाय तसा हाय, सायेब. कुनाचं बोट लागल्यालं न्हाई.”

सावळाबा लिंबाखाली बसला होता. तो गुडघ्यावर हात देऊन उठला. पाटलाच्या शब्दाबाहेर गेलं तर वाडीतलं काम तुटणार, हे त्याला ठाऊक होतं. अंबुबाईनं त्याचं धोतर मागून ओढलेलं मी पाहिलं. पण तो पुढं गेलाच.

“सायेब, तुमचं बोट द्या जरा.”

दत्तोबा न्हावी हसला. “बघा राव! सावळाबा आता सायबाला वाचाया शिकवनार.”

“वाचाया येत न्हाई म्हणून तर बोट मागतोय, दत्तोबा.” त्यानं पाहुण्यांचं बोट धरून खालच्या अक्षरात घातलं. “हितं तळाला खडबडीत लागतंय का? ही माजी टाकी. तिचं टोक एका अंगानं उडालंय, म्हणून दर रेघेला डावीकडं वरखडा हाय. आता हितं वर या. तळ कसा गुळगुळीत, नदीतल्या गोट्यावानी. हे वाऱ्या-पाण्यानं केलंय. ते माज्या हातानं व्हायचं न्हाई.”

पाहुणे खाली बसले. डोळे मिटून त्यांनी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. “आणि मधल्या दोन ओळी?”

“त्या जुन्याच. पाव्हण्याला दिसाव्यात म्हणून मी जात्यावानी टाकी मारून खोल केल्या. तिसरीला टाकी लावली आन् हात थांबला. म्हटलं, ज्यानं हे खोदलं त्यो माज्यापरीस हुशार. त्याच्या कामात आपन लुडबूड नगं.”

“शेवटची ओळ?”

“ती समदी माजी. आदी तितं काय बी नव्हतं.”

बबनरावांचा चेहरा लाल झाला. दोघं-चौघं अंगावर धावले. ह्यांनी मध्ये पडून थोपवलं. पाहुण्यांनी विचारलं, “तुम्हाला लिहिता येत नाही. मग अक्षरं कुणी काढून दिली?”

सावळाबानं बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. माझ्यावरून त्याची नजर भिंतीवरून जावी तशी गेली.

“खडूनं लिवल्यालं व्हतं. कुनी लिवलं ते मला कसं दिसनार? लिवनारं मानूस माज्या डाव्या अंगाला व्हतं.”

लोक हसले. मी बोलले नाही.

मग पाहुण्यांनी वरच्या नऊ ओळी वाचून अर्थ सांगितला. राजाचं नाव एका ओळीत, आणि बाकी सगळं एका बाईविषयी. तिनं इथं तळं खणवलं आणि त्याच्या राखणीसाठी शेत दिलं. तिचं नाव झिजून गेलं आहे, बापाचं तेवढं राहिलं आहे. पाहुणे म्हणाले, “असल्या बाईची गोष्ट कुठल्या पोथीत सापडत नाही. दगडानं सांगितली तरच कळते. म्हणून दगडाला खोटं बोलायला लावू नये.” आमच्या पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या, खालच्या खळग्याला सगळे ‘तळवट’ का म्हणतात, ते मला त्या दिवशी समजलं.

त्यानंतर वाडीत एकाही घरानं सावळाबाला जात्यासाठी बोलावलं नाही. पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या बाजूला बांधकामं चालली होती, तिथं तो खडी फोडायला जायला लागला. अंबुबाई नदीवर भेटली तर नुसती मान हलवायची.

मी रोज वहीत देवाचं नाव एकशे आठ वेळा लिहिते. पण आता स्वतःचंच अक्षर बघवेना. महिन्याभरानं लेखणी ठेवली आणि ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी दौत आणि कागद माझ्यापुढं ठेवले. मग म्हणाले, “पुण्याला तूच लिही. तुझ्याच अक्षरात. म्हणजे त्यांना ठशाशी ताडून बघता येईल.”

मी लिहिलं. पत्र टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी सावळाबाला निरोप धाडला. माझं जातं मी मुद्दाम अंगणात, रस्त्यावरून दिसेल असं काढून ठेवलं. टाकीचा आवाज ऐकून बबनराव आलेच.

“वैनी, गावात गिरणी येतीय आता. ह्याला कशाला बोलावलंत?”

“बबनराव, त्या ओळीचा खडू माझा होता, असं मी पुण्याला कळवलंय. तुमचं काय कळवू?”

ते आल्या पावली गेले. सावळाबानं मान वर केली नाही. टाकी मात्र क्षणभर थांबली होती.

“मास्तरीणबाई, मी सांगितलं नव्हतं.”

“माहीत आहे.”

“मग कशाला बोललासा?”

मी आत गेले. मी पिठल्याला फोडणी घातली. पुढच्या आठवड्यात मंजुळाबाईचं जातं बाहेर आलं, मग आणखी दोघींची. बाकीच्यांनी गिरणीची वाट पाहिली.

काल पुण्याहून छापील पुस्तिका आली. आमच्या दगडाला त्यात दीड पान मिळालं आहे. शेवटी लिहिलंय, ‘आठवी व नववी ओळ अलीकडे खोल केलेली. दहावी ओळ नवी. लिहिणाऱ्या, शाळामास्तरांच्या पत्नी. कोरणारे, सावळाराम पाथरवट. ह्यांच्याच खऱ्या साक्षीमुळे मूळ लेख निश्चित करता आला.’

सावळाबा ओट्यावर बसला होता. मी त्याला दोनदा वाचून दाखवलं.

“कुठं हाय माजं नाव?”

मी त्याचं बोट धरून ओळीवर ठेवलं. तो ते पुढं-मागं फिरवत राहिला, जात्याची पेड तपासावी तसा.

“बोटाला काय लागत न्हाई की,” तो म्हणाला. “लईच वरवर खोदलंय ह्यांनी. टिकंल का हो?”