रोटाच्या दिवशीचा फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि — हसू नका — दरवर्षी आमच्या कानबाई देवीपुढे हात जोडून उभा राहतो तेव्हा तिलासुद्धा नाही. तिथे मी भलतंच काहीतरी बोलतो. पोरीचे मार्क, आईचे गुडघे. मग तुम्हाला का सांगतोय? कारण मागच्या आठवड्यात मी इतका खूश होतो, की भर स्वयंपाकघरात आईला धरून नाचलो. आणि नंतर एक फोन आला, आणि माझं तोंडच उतरलं. ते का उतरलं हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल.

तर मी मनोज, राहणार जळगाव. काम — प्रोसेसर तपासणे. आमचे वडील, नाना, अजून लोकांना सांगतात, पोऱ्याचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं आहे, आणि गल्लीतले लोक बिघडलेले प्रिंटर आणून टेकवतात. नाही हो! मोबाइलचा, कॉम्प्युटरचा जो मेंदू असतो, त्याचा आराखडा आमची पुण्याची कंपनी काढते. चिप बनते परदेशातल्या कारखान्यात. आराखडा तिकडे जायच्या आधी तो कॉम्प्युटरवरच खोटाखोटा चालवायचा, त्याला छळायचं, फसवायचं, पार रडवायचं — त्याचा मला पगार मिळतो, तोही जळगावात घरी बसून. इतकं मजेचं काम नाही जगात. पण एकदा चिप बनून आली, की तिथे खोडरबर चालत नाही.

आता सारिका. धुळ्याची. टीममध्ये खान्देशी आम्ही दोघंच, म्हणून बाकीचे आम्हाला भरीत पार्टी म्हणायचे. ती हसली, की मीटिंगमध्ये आमचे नेने सर आधी आवाज कमी करायचे आणि मग विचारायचे, काय झालं. आणि डोकं? बापरे! कुठली तार कुठे जाते, कुठला बदल कधी केला, सगळं तोंडपाठ. चिपच्या ज्या भागाला काम नाही त्याला झोपवायचं आणि काम आलं की चटकन उठवायचं — हे सारिकाचं खातं. नव्या पिढीच्या प्रोसेसरचा सगळा तोरा त्यावरच असतो. बॅटरी टिकते, फोन तापत नाही. आणि तिने ते केलंही होतं असं देखणं — मी तपासायला बसलो की आधी पाच मिनिटं नुसता बघत बसायचो.

मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

आराखडा पाठवायची तारीख श्रावणात आली, ती नेमकी कानबाईच्या सणाला खेटून. पुण्याच्या लोकांना काय सांगणार? आमच्याकडे घरटी गहू मोजून दळलेले असतात, त्याचा रोट होतो, आणि तो फक्त भाऊकीनेच खायचा. जो असेल तिथून घरी येतो. मी शनिवारीच सगळ्या टेस्ट चालवून ठेवल्या. सगळ्या पास, स्क्रीन हिरवीगार. म्हटलं, चला, आता कानबाई आणि आपण.

रविवारी पंगत बसलेली. ताटात गंगाफळाची भाजी पडतेय, काका पुरणपोळीचा आग्रह करताहेत, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. सारिका होती. तिचा फोन चार्जिंगला, म्हणून तिच्या काकांच्या फोनवरून बोलत होती. मागे तिच्याकडचाही तोच गलका. म्हणाली, "भाऊ, उठवायच्या भागात एक बदल केलाय. लहानसाच आहे, पण टेस्ट परत चालव. विसरू नको रे भो."

मी म्हणालो, "हो, चालवतो."

चालवली का? पुरणपोळ्या खाऊन कोण कुठे वर जाऊन लॅपटॉप उघडतो? आडवा झालो. उठलो तर पाहुणे. सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली, बायका फुगड्या घालताहेत, बँड असा वाजतोय की नानासुद्धा गुडघे विसरून नाचताहेत — आणि नेने सरांचा फोन. "मनोज, सगळं हिरवं ना? पाठवू?" मी एका कानात बोट घालून ओरडलो, "हिरवंगार सर! पाठवा!"

आळस होता. आळसाचं मला एवढं वाटत नाही, खरं सांगतो. माणूस सणाला आळस करतो. त्यानंतरचं सांगायचंय.

चिप बनून आली. काय आनंद होता! तिने पहिल्यांदा उत्तर दिलं तेव्हा पुण्याच्या लॅबमध्ये लोक टेबलं वाजवत होते, मी इकडे एकटाच पेढे खात होतो. मग तिला झोपवलं. झोपली. उठवलं — उठेना. झोपली ती झोपलीच. दोन-तीन दिवसांत कारण सापडलं. सारिकाचा तो लहानसा बदल.

मीटिंग भरली. सारिका लगेच म्हणाली, चूक माझी. मग म्हणाली, "पण बदल केल्यावर मी मनोजला फोन केला होता. रविवारी. परत चालव म्हटलं होतं." सगळे चेहरे स्क्रीनवर माझ्याकडे वळले. एक शब्द बोलायचा होता. 'हो.' शिव्या पडल्या असत्या, दुसरं काय? आणि मी — किती मऊ आवाजात बोललो ते मला अजून ऐकू येतं — मी म्हणालो, "मला नाही गं आठवत तुझा फोन आलेला."

ती हसली. "मग नसेल केला. रोटाच्या गडबडीत मनातल्या मनातच केला असेल." सगळे हसले. मीही हसलो. मीटिंग संपल्यावर मी माझ्या फोनमधला तो अनोळखी नंबर शोधला आणि पुसून टाकला.

तिने घरी काकांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "मना फोनवर त्या दिन बठ्ठी भाऊकी बोलनी, माले काय याद शे!" म्हणजे त्यांच्या फोनवरून सगळी भाऊकीच बोलली, त्यांना काय आठवणार! हे तिनेच मला सांगितलं, काकांची नक्कल करून. मी पोट धरून हसलो. हसलो हो, काय सांगू.

चिप दुरुस्त होऊन पुढच्या खेपेला नीट आली. पण त्यापुढच्या प्रोसेसरचं काम सारिकाच्या हाताखाली होणार होतं, ते दुसऱ्याला गेलं. नेने सर म्हणाले, हुशार आहे, पण वेंधळी. कुणाला? सारिकाला! काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली आणि धुळ्याला इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवायला लागली. मजेत असते. अजून तसंच हसते. फक्त फोनवर अधूनमधून थांबते आणि विचारते, "हे मी तुला मागे बोलले ना? नक्की बोलले ना? माझं डोकं म्हणजे चाळणी झालीये." आम्हा जुन्या लोकांत तो विनोदच झालाय. चाळणी. मीसुद्धा म्हणतो तिला, चाळणीबाई.

मागच्या आठवड्यात नवी चिप आली. झोपवली. उठवली. पहिल्या फटक्यात उठली! नेने सरांनी व्हिडिओ पाठवला, आणि तेव्हाच मी आईला धरून नाचलो, फोडणी जळाली तरी. संध्याकाळी सारिकाचा फोन. कुणीतरी तिला कळवलं होतं, आणि तिची उठवायची मूळ रीत त्यात अजून तशीच होती. "उठली रे उठली! माझं बाळ उठलं!" कानठळ्या बसल्या माझ्या. इतका आनंद आमच्या अख्ख्या टीमला झाला नसेल.

मग म्हणाली, तिची पोरंही एक छोटा प्रोसेसर करताहेत, तू तपासशील का? मी हो म्हणालो. तिने फोन स्पीकरवर टाकला. "पोरांनो, हा मनोजभाऊ. हा म्हणाला चालवलंय, की चालवलंय. मला माझ्या डोक्याचा भरवसा नाही, पण याच्या शब्दाचा आहे." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी थँक्यू म्हणालो.

तिचं डोकं ठणठणीत होतं. तिने फोन केला होता. मी तो उचलला होता.