हातानं आवळलेला बोल्ट

गाडी ट्यूनिंगला आणण्याआधी काय काय करून आणायचं याची यादी पुण्याच्या ट्यूनरनं व्हॉट्सॅपवर पाठवली, आणि ती मी मेस्त्रींना मोठ्यानं वाचून दाखवली. नवं ऑइल, नवे प्लग, टाकी एकाच पंपावरच्या पेट्रोलनं भरलेली, टायरच्या खाचांतले खडे काढलेले. ट्यूनिंगला गाडी रोलरवर बांधून पळवतात. चाकं जागच्या जागी फिरतात, आणि एखादा खडा सुटला तर गोळीसारखा जातो.

"खडं काढाय पुण्याच्या माणसानं सांगाय पायजे व्हय," मेस्त्री म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात देऊन मलाच खाली बसवलं. "तुमी तपासणी खात्यातलं. एक बी सोडू नका."

मी फाउंड्रीत तपासणीला आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि सही करायची, हा माझा पगारी धंदा. गाडी जुनी, दोन दारांची, जपानी. पन्नाशीच्या माणसानं, दोन मुली कॉलेजात असताना, मागच्या सीटवर पिशवीसुद्धा नीट मावत नाही असली गाडी का घ्यावी, हे मला घरी अजून समजावता आलेलं नाही. मी मुळात कमी बोलतो. त्याचा मला आयुष्यात फार फायदा झाला, आणि हे सगळं लिहायची वेळही त्यामुळंच आली.

मेस्त्रींचं गॅरेज उद्यमनगरात, आणि गॅरेजच्या मागच्या दारातून पाच पावलांवर त्यांचं घर. गाडीला टर्बो बसवला तो त्यांनीच. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो बसवला की किती हवेला किती पेट्रोल सोडायचं हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावं लागतं. ते ट्यूनिंग. शिकवणी सुरू असताना गाडीत एखादी गोष्ट ढिली राहिली असेल तर इंजिन जातं, म्हणून एवढी तयारी.

त्या रविवारी सकाळी आम्ही हवेचे पाइप तपासले. साबणाचं पाणी मारायचं, आत हवा भरायची आणि फुगे येतात का बघायचं. साबण संपला म्हणून मेस्त्रींनी घरातून वहिनींचा शाम्पू आणला. एका जोडावर फुगा आला. मेस्त्री खूष. क्लिप आवळली, फुगा गेला, आणि गॅरेजभर शिकेकाईचा वास.

"न्हाऊन निघाली बघा," ते म्हणाले. "आता पुण्याला मिरवाय मोकळी."

मग बोल्ट. मेस्त्री प्रत्येक बोल्ट आवळतात आणि त्याच्यावर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ मारतात, अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि कळतं. नेलपॉलिशही वहिनींचंच. एक फेरी झाली की आतून वहिनींची हाक येते, "दुसऱ्यांदा बघितलं का?" आणि मेस्त्री निमूट उठतात आणि पुन्हा पहिल्या बोल्टपासून सुरू करतात. बघणाऱ्याला गंमत वाटते. मला वाटत नाही. चार वर्षांपूर्वी हा माणूस एकदा आवळायचा आणि पुढं जायचा, हात पुसतसुद्धा नसे.

टर्बोला तेल नेणाऱ्या नळीच्या बोल्टपाशी आल्यावर ते थांबले. पान्हा माझ्यापुढं धरला.

"हा तुमी आवळा."

"का?"

"ह्या बोल्टाला माझा हात नको. आन् पुण्याला बी तुमीच जाऊन या. मी येत न्हाय. ही शेवटची गाडी, ह्याच्या फुडं इंजिनं बंद. ब्रेक, क्लच करतोय, ते बास हाय."

यादीच्या शेवटी ट्यूनरनं विचारलं होतं, इंजिनाला पूर्वी काही झालं असेल तर कारणासकट लिहून पाठवा. मेस्त्रींनी ते आधीच लिहून ठेवलं होतं, वहीच्या पानावर, ठळक अक्षरांत. 'इंजिन एकदा जाम झालं होतं. मेस्त्रीनं बोल्ट आवळला नव्हता.' मला म्हणाले, "फोटो काढा आन् पाठवा."

तो बोल्ट मेस्त्रींनी आवळला होता. ढिला ठेवला तो मी.

चार वर्षांपूर्वी टर्बो पहिल्यांदा बसवून त्यांनी गाडी माझ्या ताब्यात दिली, ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. ट्यूनिंग होईपर्यंत पळवू नका, असं बजावून. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्या नळीवर तेलाचा एक थेंब दिसला. मेस्त्रींना फोन करायचा सोडून मी स्वतः बोल्ट काढला, वॉशर बदलला आणि बोल्ट हातानं बसवला. तेवढ्यात बायको ताट घेऊन दारात. "पान्हे द्या, पूजा मांडायचीय." म्हटलं, एक राहू दे, दोन मिनिटांचं काम आहे. "एकच कशाला बाहेर? उद्या उचला की." आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पूजेत बसली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. तिनं पाट मांडला, त्यावर माझे सगळे पान्हे ओळीनं लावले, कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मी हात जोडले. बोल्ट तसाच.

दसऱ्याला पान्हे उचलले, पुसले आणि डब्यात ठेवले. गाडीला हार घातला. सोनं द्यायला पाहुणे आले. बोल्ट डोक्यातून पार गेला. तिसऱ्या दिवशी मलकापूरच्या रस्त्याला गाडी घेऊन गेलो आणि पळवली. तेलाचा लाल दिवा लागला तोही मला दिसला. पुढं एक जीप होती. तिला मागं टाकू आणि मग थांबू, असं मी ठरवलं. जीप मागं पडली आणि इंजिन जाम झालं.

मेस्त्री दुसरी गाडी घेऊन ओढायला आले. वाकून त्यांनी तो बोल्ट दोन बोटांनी फिरवला. तो फिरला.

"माझ्याकडनंच आवळायचा ऱ्हायला," ते म्हणाले. तोंड पांढरं पडलं होतं.

मी म्हणालो, "असू दे."

एवढंच म्हणालो. त्या 'असू दे'वर मेस्त्रींनी मला चार वर्षं देव केलं. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, इंजिन गेलं पण माणूस एक शब्द बोलला न्हाय, असं मन पायजे. सगळे रविवार घालून त्यांनी ते इंजिन पुन्हा बांधलं. मी शेजारी बसून चहा प्यायचो आणि मोठ्या मनाचा माणूस म्हणून घरी जायचो.

त्या रविवारी हातात पान्हा घेऊन मी ते सांगितलं. वॉशर, पाट, कुंकू, सगळं. सांगायला दोन मिनिटं लागली असतील. मेस्त्री स्टुलावर बसले.

"पान्हा पूजेत व्हता," ते म्हणाले.

"होय."

"दसऱ्याला उचललास की तो. आन् मला फोन करायला काय पूजा आडवी आलती?"

मला ते आजवर 'तुमी' म्हणत आले होते. ते 'तू'वर आले ते त्या वाक्यात, आणि परत वर गेलेच नाहीत.

"रोज रेघा मारतोय मी. बायकोच्या नखाचा रंग लावून बोल्ट मोजतोय. आन् तू बसून बघालतास."

आतून वहिनी आल्या. मेस्त्री त्यांना म्हणाले, "ऐक गं, ह्यो काय सांगतोय." आणि मला सगळं पहिल्यापासून वहिनींपुढं परत सांगायला लावलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं. वहिनी म्हणाल्या, "चार वरसं मी ह्यांना टोचून खाल्लं वं," आणि आत निघून गेल्या.

मेस्त्रींनी वहीचं पान फाडलं आणि नवं माझ्यापुढं सरकवलं. मी लिहिलं, गाडीच्या मालकानं बोल्ट काढला होता व तो नीट आवळला नव्हता. त्यांनी वाचलं. "दिवा लागल्यावर बी थांबला न्हाईस, ते कुठाय?" तेही लिहिलं. "जीप?" जीपही लिहिली. मग त्यांनी माझ्याजवळचा पान्हा उचलला, तो बोल्ट एकदा आवळला आणि पुढच्या बोल्टकडं गेले.

"पुण्याला मी येतोय," पाठमोरे म्हणाले. "हिला बी घेतो. तू मागनं यष्टीनं ये."

मी पोहोचलो तेव्हा गाडी रोलरवरून उतरली होती. वहिनी ऑफिसातल्या चांगल्या खुर्चीत लाडू खात बसल्या होत्या. मेस्त्री लॅपटॉपवरच्या रेषेवर बोट ठेवून ट्यूनरला काहीतरी खुलवून सांगत होते. ट्यूनर उठून माझ्याकडं आला, म्हणाला, "तुम्ही मालक ना? गाडीनं हॉर्सपॉवरचा आकडा दिलाय..."

"त्याला सांगू नका," मेस्त्री मागून म्हणाले. "मला चार वरसं खरं कळलं न्हाय. चार दिवस त्याला बी वाट बघू दे की."

आज अकरावा दिवस आहे. गाडी झकास पळते. आकडा वहिनींना माहीत आहे, समोरच्या पंक्चरवाल्याला माहीत आहे. मी रोज संध्याकाळी गॅरेजवर जातो, अर्धा तास बसतो. विचारत नाही.