आमचा बाण कुणी फिरवला?

आमची वेबसाइट चोरीला गेली, तेव्हा ती जागच्या जागीच होती.

हे मला कळायला अर्धा दिवस लागला. आमच्या बाबांना अजून कळलेलं नाही.

पनवेलजवळ कोनला आमचा मंडपाचा धंदा. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी.! (पदवीची फ्रेम गोडाऊनमध्ये झुंबरांच्या वर लावलीय. घरात ती किती जणांना दिसली असती?) त्यामुळे धंद्याची वेबसाइट मीच बनवली. नावापुढे सगळ्यांसारखं डॉट कॉम कशाला, म्हणून त्याऐवजी कुठल्याशा लांबच्या बेटाचं दोन अक्षरी शेपूट विकत घेतलं. चारचौघांत वेगळं दिसायला हवं ना!

त्यात माझ्या बहिणीचं, मनीषाचं, लग्न ठरायला आलं. मुलगा खारघरचा, तिच्याच ऑफिसातला. दोघांचं आधीच पक्कं होतं, अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. "मंडपवाले म्हणजे नक्की करतात काय?" असं ते म्हणाल्याचं कानावर आलं. मी लगेच फोन लावला. "काका, रविवारी येण्याआधी आमची वेबसाइट बघा. सगळं कळेल!"

रविवारी सकाळी काकांचा फोन. "बघितली. तुमचा जुगाराचा धंदा आहे का हो?"

मी धावत साइट उघडली. फासे गडगडत होते, नाणी उडत होती, भलत्याच लिपीत काहीतरी लुकलुकत होतं, आणि एक बाई मला डोळा मारत होती.

आई मागून डोकावली. "हिच्या हलदीला आपला मंडप होता काय रे?"

"आई, साइट हॅक झालीय!"

"दादा, तू काय केलंस?" मनीषा रडकुंडीला आली.

"मी काही केलं नाही!"

"तेच म्हणते मी! काहीतरी कर! संध्याकाळी येतायत ते!"

मी पासवर्ड बदलला. बाई तिथेच. पुन्हा बदलला. बाईने पुन्हा डोळा मारला. लॅपटॉप बंद करून चालू केला (सायन्स साइड!). शेवटी साइट जिथे ठेवली होती त्या कंपनीला फोन केला.

"सर, आपकी साइट एकदम ठीक है."

"अहो, पण दिसत नाहीये!"

"साइट यहीं है. नाम कहीं और जा रहा है."

"मी कुठे पाठवलं नाही हो नावाला!"

मग त्याने शांतपणे समजावलं. त्या शेपटाची सगळी नावं एकाच ठिकाणी नोंदलेली असतात. त्या नोंदणीवाल्यांकडेच कुणीतरी शिरलं आणि नावांच्या वाटा बदलून टाकल्या. आमच्यासारखे कितीतरी जण अडकले होते. ते नोंदणीवाले नीट करतील तेव्हाच होईल. म्हणजे चूक माझी नाही आणि उपायही माझ्या हातात नाही! अशी वेळ परीक्षेतही आली नव्हती. (तिथे चूक तरी माझी असायची.)

आता हे बाबांना सांगायचं कसं? सुचलं! आमच्याकडे दोन पाहुणे आले तरी गावात शिरताना बाणाचा बोर्ड लागतो, धंद्याची सवय. तो सकाळीच आमच्या घराकडे टोक करून लागला होता.

"बाबा, समजा आपला मंडप जागेवर आहे, जेवण तयार आहे, पण नाक्यावरचा बाण कुणीतरी फिरवला. पाहुणे मंडपात पोचतील का?"

उदाहरण मला इतकं आवडलं की बाबांचा चेहरा बघायचं राहून गेलं.

"कोनी फिरवला बान?" बाबा ताडकन उठले.

"बाबा, उदाहरण आहे—"

"पाव्हने यायच्या टायमाला? आपला बान?"

शिडी घेऊन गेलेसुद्धा! थोड्या वेळाने हात झटकत आले. "केला बराबर मंडपाकडं."

"कुठल्या मंडपाकडे?"

"आपल्या! दुसरा कंचा?"

आपला मंडप आदल्या दिवशीच पलीकडच्या आळीत दुसऱ्यांच्या हळदीला लागला होता.

मी चप्पल शोधत होतो तेवढ्यात काकांचा फोन आला. मागे बँजो दणाणत होता. "पोचलो हो आम्ही! बघायच्या कार्यक्रमाला एवढी माणसं?"

आम्ही पळत पोचलो तर काकांचे दोन्ही गाल पिवळे, हातात जेवणाचं ताट आणि मान वर छताच्या झालरीकडे.

"मंडप कुणाचा हो हा? फारच झकास!"

"आमचाच!" बाबा छाती फुगवून म्हणाले.

काकांनी पुन्हा एकदा छताकडे बघितलं आणि मनीषाच्या सासऱ्यासारखे हसले. जुगाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

वेबसाइट पुढे आपोआप परत आली, काही झालंच नाही अशा थाटात. मी म्हटलं, लग्नाच्या पत्रिकेवर छापूया.

"वेबसाइट नको," मनीषा म्हणाली. "आणि बाणही नको. दादा, तूच उभा राहा."

म्हणून तिच्या हळदीला घराण्यातला पहिला पदवीधर कोन फाट्यावर, गावाच्या दिशेने हात लांब करून, दुपारपासून उभा होता. "हा बाण हॅक होत नसतो!" असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

झालाही नाही. फक्त एकदा कटिंग घ्यायला टपरीकडे वळलो, आणि हातही माझ्याबरोबर वळला.

नेमकी तेव्हाच आलेली बँजो पार्टी हाताच्या दिशेने एक्सप्रेसवेला लागली. तिथे मध्येच मागे फिरता येत नाही. खोपोलीला पोचून त्यांनी फोन केला, "मंडप काय दिसत नाय, साहेब!"